लाल बटणाची चौकशी

एप्रिलमधला शेवटचा रविवार, सकाळी साडेदहा. आंजीचं आमचं घर, पुढचा ओटा. हजर: बाबा, खाटेवर. धाकटा भाऊ, प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्याची बायको, दाराच्या चौकटीला टेकून. वर्ध्याहून बोलावलेला गाडीच्या वायरिंगचा मिस्त्री, पायरीवर. आणि मी. गैरहजर कोणी नाही. गाडी समोर कडुनिंबाखाली, बॉनेट उघडं.

माझ्या वहीत हे असंच लिहिलेलं आहे. वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेची सहायक आहे. कोणत्या मीटरचा काटा अडकतो, कोणती नळी कोणी फोडली, सगळं रजिस्टरमध्ये. जे लिहिलं नाही ते झालं नाही, असं मी मुलांना सांगते. घरालाही मी तोच नियम लावते. त्यामुळे त्या उन्हाळ्यातलं मला फारसं आठवावं लागत नाही, वही उघडली की पुरे.

बैठकीचा विषय एकच होता. भावाची गाडी चालता चालता मध्येच बंद पडत होती. बिघाड सापडला तर दुरुस्त करायचा. नाही सापडला तर गाडी त्याच्या हातातून काढून घ्यायची.

भावाचा उजवा पाय मांडीपासून नाही. सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये गेला. त्यानंतर तीन वर्षं तो याच ओट्यावर बसून होता. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, "कुठं चालला गा?" पहिल्या वर्षी लोक थांबून सांगत. तिसऱ्या वर्षी नुसता हात हलवून पुढे जात. बायको सेवाग्रामच्या दवाखान्यात परिचारिका. ती एसटीने जायची, एसटी चुकली तर कोणाच्या गाडीवर मागे बसून, आणि ती येईपर्यंत हा पट्ट्यांनी बांधायचा कृत्रिम पाय न काढता बसून राहायचा, कारण बाबांना तो काढू देत नसे.

मग आम्ही एक जुनी गाडी घेतली आणि नागपूरला नेऊन तिला हाताचं हँडल बसवून घेतलं. हँडल ढकललं की ब्रेक, ओढलं की वेग. क्लचला त्याचा डावा पाय होताच. हँडल कधी अडकलंच तर इंजिन ताबडतोब बंद करता यावं म्हणून मुठीच्या टोकाला एक लाल बटण दिलं होतं. मूठ धरली की अंगठा त्या बटणाशीच येतो. बटणाची तार डॅशबोर्डच्या आतून पुढे इंजिनाकडे गेली होती. कुठून कशी गेली ते बसवणाऱ्याने कागदावर काढून दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

केळझरला जाऊन गाडीची पूजा केली. तिथूनच बोटभर उंचीचा पितळी गणपती आणला आणि डॅशबोर्डवर मधोमध बसवला. दुसऱ्या दिवसापासून भाऊ बायकोला ड्यूटीवर सोडायला आणि आणायला लागला. मधल्या वेळात वर्ध्याला तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. रोज सकाळी काच पुसायचा, आतून आणि बाहेरून. एकदा मला म्हणाला, "ताई, आता मी कोणाची वाट पाहत नाई. लोक माही वाट पाहून राह्यले." हे मी लिहून ठेवलेलं नाही, तरी आठवतं.

होळी झाली आणि ऊन चढायला लागलं. त्या आठवड्यात गाडीची बरीच बारीक कामं साठली होती, ती मी एका रविवारी बसून उरकली. पायपुसणं शिवलं. मागच्या दाराची कडी घट्ट केली. हॉर्नवरचं फाटलेलं कातडं चिकटवलं. गणपतीखालची दुहेरी चिकटपट्टी उन्हाने पाघळली होती आणि एका वळणावर देव थेट भावजयीच्या डब्यावर पडला होता. त्याच्या पाटातून डॅशबोर्डमध्ये लांब स्क्रू पिळून तो पक्का बसवला. टायरमधली हवा पाहिली. पाच कामं, पाच खुणा.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी गाडी पहिल्यांदा बंद पडली.

पहिल्यांदा कोणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांदा भावजयीला ड्यूटीवर पोचायला उशीर झाला. तिसऱ्यांदा मेट्रनने तिला सगळ्यांसमोर विचारलं, की तुमची गाडी तुमच्याच पाळीला कशी बंद पडते. चौथ्यापासून मी तक्ता आखला. आधीच्या तीन नोंदी दोघांना विचारून भरल्या. दिवस, वेळ, ठिकाण, ऊन, पेट्रोल, गाडीत कोण, कुठून कुठे. पाचवी वेळ नदीच्या पुलावरची. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने वळवला म्हणून वाचले. गाडीच्या झटक्याने भावजयीचं कपाळ समोर आपटलं, तीन टाके पडले, आणि तशा पट्टी बांधलेल्या कपाळाने ती ड्यूटीवर उभी राहिली.

सात नोंदी झाल्यावर मी तक्ता वाचला. कोणालाही दिसावं इतकं ते स्पष्ट होतं. सातही वेळा दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान. सातही वेळा भावजय पुढच्या सीटवर. सातही वेळा ड्यूटीवर जाताना, तेही संध्याकाळच्या पाळीला, जी दोनला सुरू होते. परतताना एकदाही नाही. परतताना ती दाराला टेकून झोपलेली असते. भाऊ एकटा असताना, भर दुपारीसुद्धा, एकदाही नाही.

आणि होळीला, सगळे जेवायला बसलेले असताना, तो बायकोला म्हणाला होता, "संध्याकाळची ड्यूटी बदलवून घे. रात्री नऊ वाजेपर्यंत मी असाच बसून राहू का?"

मुलं प्रयोगात हवं ते उत्तर आधी लिहितात आणि मग आकडे भरतात. त्यांना मी रागावते. मी तसं केलेलं नाही, हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं. मी आकडे आधी लिहिले होते.

गाडी चार दिवस मिस्त्रीकडे ठेवली. त्याने ती सकाळी सकाळी देवळीपर्यंत नेली, रोज. बंद पडली नाही. दुपारी का नाही नेली विचारलं तर म्हणाला, "ताई, दुपारी मी बंद पडतो." मग मी ठरवलं की दुपारची चाचणी आपणच घ्यायची, नीट, एका वेळी एकच गोष्ट बदलून.

बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, भावजयीला संध्याकाळची पाळी होती. मी बारा वाजता आंजीला पोचले. बरोबर पट्टीचा रोल होता. भाऊ चालकाच्या जागी बसल्यावर मी त्याचा उजवा अंगठा तर्जनीच्या बाजूला घेतला आणि दोन्ही मिळून पट्टी गुंडाळली, सहा वेढे. आता त्याला हँडल ढकलता-ओढता येत होतं, पण अंगठा बटणापर्यंत जात नव्हता.

तो पट्टीकडे पाहत राहिला. "पाय थ्रेशरनं नेला," तो म्हणाला. "अंगठा ताई नेते."

"चाचणी आहे," मी म्हटलं. "बंद पडली तर तुझाच फायदा."

"अन् नाई पडली तं?"

मी पुढे बसले, कारण बटण दिसायला हवं होतं. भावजयीला मागे बसवलं. मांडीवर वही, हातात पेन, नजर त्याच्या मुठीवर. वाटेत मारुतीचा पार आला तेव्हा मागे बांगड्या वाजल्या. तिने जागेवरूनच हात जोडले असणार. ऊन भाजून काढत होतं, डॅशबोर्डला हात लावता येत नव्हता. आंजी ते सेवाग्राम गाडी एकदाही अडखळली नाही.

दवाखान्याच्या फाटकापाशी भावजय उतरली. खिडकीशी आली आणि नवऱ्याच्या बांधलेल्या हाताकडे पाहून मला म्हणाली, "ताई, आज टाईमावर आली मी." मग त्याच्याशी एक शब्द न बोलता आत गेली.

पट्टी मी परतताना वर्ध्याला सोडली. अंगठा पांढरा पडला होता.

रविवारच्या बैठकीत मी मिस्त्रीला आधी बोलायला सांगितलं.

"बॅटरी पाह्यली," मिस्त्री म्हणाला. "फ्यूज पाह्यले, पेट्रोलचा पंप पाह्यला, चावीचं सॉकेट नवं टाकलं. बटनही खोलून पाह्यलं, चांगलं हाय. एकच जागा राह्यली ताई. डॅशबोर्डच्या मधातलं झाकण. त्याच्यावर देव हाय. देव काढल्याशिवाय ते निघत नाई. म्या म्हणलं, मालकाले विचारल्याशिवाय देवाले पाना कायले लावा."

"बसवलेला देव हालवत नाई," बाबा म्हणाले.

"तो स्क्रू मी स्वतः लावलाय," मी म्हटलं. "तिथे पाहण्यासारखं काही नाही."

मिस्त्रीने खांदे उडवले. "मंग गाडीत फॉल्ट नाई. बटन दाबलं तं बंद होते, नाई दाबलं तं होत नाई. मशीन खोटं बोलत नाई ताई."

"म्हंजे घोडं लंगडं नाई," बाबा म्हणाले. "टांगेवाला लंगडा हाय."

मिस्त्री हसला. भाऊही हसला. पाय गेल्यापासून त्याची ती सवयच झाली होती, दुसरे हसायच्या आत हसून घ्यायचं.

मी तक्ता वाचून दाखवला. सातही नोंदी, रकान्यांसकट. मग चाचणीची नोंद वाचली: अंगठा बांधला, गाडी बंद पडली नाही. मग होळीचं वाक्य, जसंच्या तसं. रस्त्याने एक बैलबंडी गेली आणि बंडीवाल्याने बॉनेट उघडं पाहून ओरडून विचारलं, "पुन्हा मेली का बे?" बाबांनी त्याला हाताने पुढे जायची खूण केली.

"ताई," भाऊ म्हणाला, "पोराइच्या प्रॅक्टिकलचंही असंच वाचतं का व तू? त्याइच्या मायबापाइच्या समोर?"

"विषय बदलू नकोस. तू बटण दाबतोस का? हो की नाही."

"मले नाई समजत."

"ते उत्तर नाही."

"मंग काय सांगू? गाडी बंद होते तवा माहा हात हँडलवरच असते. अंगठा कुठं असते ते मी पाहत नाई, रस्ता पाहतो."

तेवढ्यात भावजय चौकटीवरून पुढे आली. ती आतापर्यंत बोलली नव्हती. कपाळावरच्या टाक्यांची खपली नुकतीच निघाली होती, खालची कातडी गुलाबी दिसत होती.

"बाकीचे सहा डाव सोडा," ती त्याला म्हणाली. "उशीर झाला, बोलणे खाल्ले, जाऊ द्या. पुलावर मांगं ट्रक होता. तुमाले आरशात दिसत होता. मले एवढंच सांगा, तवाही दाबलं का?"

भावाने उजवा हात मांडीवर पालथा ठेवला होता. तो उलटा केला आणि अंगठ्याकडे पाहिलं, जणू तो अंगठा काही बोलणार होता.

"असन," तो म्हणाला.

"असन म्हंजे?"

"दाबलं असन. मनात तं होतं माह्या, का तू संध्याकाळची जाऊ नको. तुमी सगळे म्हणता, ताईच्या वहीत हाय, मिस्त्री म्हणते. तं दाबलंच असन म्या."

भावजय आत गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. बाबा म्हणाले, "बायकोले ट्रकखाली घालाले निघाला होता साला," आणि कुशीवर वळले. मी वहीत लिहिलं: चालकाने मान्य केले. अकरा वीस. त्याखाली ठरावांसारखं तीन ओळींत लिहिलं. चावी बाबांजवळ. भावजय मैत्रिणीच्या खोलीत, सेवाग्रामला, पाळी असेपर्यंत. हाताचं हँडल काढून गाडी पुढे मी वापरायची. मला कॉलेजला उपयोगी पडेल.

तिसरी ओळ मी मोठ्याने वाचली तेव्हा भाऊ म्हणाला, "हँडल राहू दे ना ताई. तुले त्याचा काई त्रास नाई, तू पायानं चालवजो."

"गुडघ्याला लागतं," मी म्हटलं. "शिवाय हँडल असलं तर उद्या तू पुन्हा बसशील."

"हो," तो म्हणाला. "ते हायच."

भावजय पाळी संपल्यावरही खोलीवरच राहिली. सुटी असली तर यायची, कपडे धुवायची, स्वयंपाक करायची, संध्याकाळच्या एसटीने जायची. तिला कोणी काही विचारलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं, माझ्या वहीत होतं. भाऊ ओट्यावर परत बसला. तहसीलसमोरचं टेबल आठवडाभरात दुसऱ्या एकाने धरलं.

कॉलेजच्या परीक्षांमुळे मला महिनाभर वेळ नव्हता. मे अखेरीला, नवतप्याचे कडक उन्हाचे नऊ दिवस लागल्यावर, एका दुपारी मी गाडी न्यायला आंजीला गेले. मिस्त्रीशी वेळ ठरलेली होती. तीन वाजता हँडल काढायचं. भाऊ ओट्यावर होता. महिनाभर उभ्या गाडीची काच स्वच्छ होती.

"तिसरा गिअर जरा दाबून टाकजो," तो म्हणाला. "अन् पुलावर हळू घेजो."

बाबांनी खाटेवरून चावी फेकली.

गावाबाहेर पडले. दुसऱ्याची गाडी, भट्टीसारखी तापलेली, आणि गुडघ्याला खरंच हँडल लागत होतं. मारुतीचा पार आला. माझा डावा हात आपोआप उचलला गेला, दोन बोटं गणपतीच्या पायांना लागली आणि कपाळाकडे निघाली. कपाळापर्यंत पोचायच्या आत इंजिन बंद पडलं.

मी गाडी कडेला घेतली. पहिलं काय केलं ते लिहिते: मी उजव्या हाताकडे पाहिलं. तो स्टिअरिंगवर होता. हँडलला कोणाचा हात नव्हता.

गाडी सुरू केली. सुरू झाली. गणपतीचे पाय दाबले. बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा दाबले, पुन्हा बंद. तीनदा केलं, कारण तीनदा करायचं असतं. मग पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, देव उचलून सीटवर ठेवला आणि मधलं झाकण काढलं. दहा मिनिटं लागली. लाल बटणाची तार नेमकी त्या जागेखालून गेली होती. माझ्या स्क्रूच्या टोकाने तिचं साल कापलं होतं आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं. तारेच्या मागेच एक लोखंडी पट्टी होती. सकाळच्या गारव्यात डॅशबोर्ड टणक असायचा, देवाला बोट लावलं तरी काही हलत नसे. दुपारी तो उन्हाने मऊ व्हायचा. मग देव दाबला की स्क्रू खाली जायचा, तार पट्टीला टेकायची, आणि इंजिनाला वाटायचं की कोणी लाल बटण दाबलंय.

निम्म्या लांबीचा स्क्रू पुरला असता. डब्यात लांबच होता, आणि लांब असला तर पक्का बसतो, असा माझा विचार.

गाडीतच, दारं उघडी टाकून, मी तक्ता पुन्हा वाचला. ठिकाणाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात होतं: मारुतीचा पार. मातामायचं देऊळ. पुन्हा मारुतीचा पार. नाल्याजवळची महादेवाची पिंड. पुलाच्या तोंडाचं मरीमायचं ठाणं. मारुतीचा पार. वर्ध्याच्या वेशीतलं विठोबाचं देऊळ. आमच्याकडे रस्त्यावरची जागा सांगायची तर माणूस देऊळच सांगतो, दुसरी खूण कोणती असते? म्हणून त्या रकान्यात मला जागा दिसल्या, देवळं दिसली नाहीत. ड्यूटीवर जाताना भावजय प्रत्येक देवळापाशी गणपतीच्या पायांना हात लावायची, टाईमावर पोचू दे म्हणून, उशीर होत असला की जरा जोरानेच. परतताना झोपायची. आणि चाचणीच्या दिवशी मी तिला मागे बसवलं होतं, आणि माझ्या हातात पेन होतं.

मिस्त्रीकडे तीनला पोचले. त्याने स्क्रू पाहिला, तार पाहिली आणि कामाला लागला. नवा तुकडा जोडून, चिकटपट्टी गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "म्या म्हणलं होतं ताई, देव काढू का म्हणून."

"हो."

"मंग आता हँडल ठेवाचं ना?"

हँडलसकट गाडी आंजीला नेली तर का ते सांगावं लागणार होतं, त्याच दिवशी, बाबांसमोर, त्याच ओट्यावर. हँडल काढणं यादीत होतं. वेळ ठरलेली होती. मी म्हटलं, "काढ."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "काऊन?" त्याने विचारलं. मी पुन्हा म्हटलं, काढ. त्याने काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिलं. ते आता प्रयोगशाळेत, खालच्या कपाटात, बिघडलेल्या मीटरांच्या मागे आहे. रजिस्टरमध्ये त्याची नोंद नाही.

सांगायला म्हणून मी दोनदा आंजीला गेले. पहिल्या वेळी पाहुणे होते. दुसऱ्या वेळी, आषाढात, आखाडीच्या सणाच्या आसपास, घरात बाबा आणि भाऊ दोघेच होते. मी चहा केला. भावाने कप चार बोटांत धरला. अंगठा आत मुडपून घेतलेला, मुठीत दाबून ठेवलेला. चहा सांडला, तरी त्याने अंगठा बाहेर काढला नाही.

"असा काय धरतोस?" मी विचारलं.

"भरोसा नाई राह्यला त्याचा," तो म्हणाला. हसला नाही. "म्या लय आठवून पाह्यलं ताई. पुलावरचं. मले आठवतच नाई दाबल्याचं. म्हंजे पाय, पायाचं समजते, मशीननं नेला. पण आपलाच हात आपल्याले न सांगता करते, मंग त्याच्या हाती गाडी कशी द्याची? बरं केलं तू हँडल काढलं."

आता सांगायचं होतं. मी कप खाली ठेवला. वाक्य तयार होतं, वहीत लिहूनही नेलं होतं, दोन ओळींचं.

खाटेवरून बाबा म्हणाले, "काय व, तुह्याजवळ गाडी गेली तवापासून बंद पडली का एखांदा डाव?"

"नाही," मी म्हटलं. हे खरं होतं.

बाबा भावाकडे वळले. "पाह्यलं?"

भावाने मान हलवली. मग मला म्हणाला, "ती मागच्या रविवारी आलती. टाका दिसत नाई आता, केसाखाली जाते. तुह्यासाठी लोणचं ठेवून गेली, घेऊन जाजो." मी लोणचं घेतलं. फाटकापर्यंत तो आला नाही, खुर्चीवरूनच हात केला, चार बोटांनी.

दर सोमवारी मी मागच्या आठवड्यातली राहिलेली कामं नव्या पानावर उतरवते. पोळा आठ दिवसांवर आहे. आजच्या पानावर चार कामं होती. गॅसची नळी बदलली. प्रयोगशाळेतल्या तराजूंची वजनं तपासून दिली. गणपती पुन्हा बसवला, या वेळी बाजूला, आखूड स्क्रूने, खाली काय आहे ते पाहून. चौथं काम मे महिन्यापासून दर पानावर त्याच शब्दांत आहे: हँडल घेऊन आंजीला जाणे व सांगणे. खूण तीन कामांपुढे केली.